एका रजेत किती मुलूख?

दिवाळी उरकली की पुण्या-मुंबईच्या पक्षीनिरीक्षकांत एक वाद दरवर्षी नव्याने रंगतो. मार्च-एप्रिलात पंधरा दिवसांची रजा मिळण्यासारखी आहे, चालायची हौस आहे, गुडघे अजून ऐकतात. मग जायचे कुठे? एक गट अरुणाचलच्या डोंगरांचे नाव घेतो, दुसरा अंदमानच्या बेटांचे. अलीकडे तिसऱ्या गटाचा आवाज वाढला आहे. त्यांचे म्हणणे असे, की एवढ्या लांब पूर्वेला जायचेच आहे, तर दोन्ही एका फेरीत का करू नये? कोलकात्याहून गुवाहाटी जवळ, आणि पोर्ट ब्लेअर, म्हणजे आताचे श्री विजय पुरम, विमानाने दोन-सव्वादोन तासांवर. आठ दिवस डोंगर, पाच दिवस बेटे, उरलेले दोन विमानतळांवर. या तिसऱ्या बेताला हसण्यावारी नेणे सोपे आहे. पण तो मांडणारी माणसे उथळ नाहीत, आणि त्यांचे मुद्दे आधी नीट ऐकायला हवेत.

पहिला मुद्दा पैशांचा. मुंबईहून पूर्वेकडे जाण्या-येण्याचे भाडे हा अशा सहलीतला मोठा खर्च. तो दोनदा करण्यापेक्षा एकदा केला, तर वाचलेल्या रकमेत डोंगरात आणखी तीन-चार मुक्काम होतात. दुसरा मुद्दा रजेचा. मार्चअखेरची कामे, मुलांची दहावी-बारावी, घरातले आजारपण या सगळ्यांतून वाट काढून सलग दोन आठवडे मोकळे मिळणे ही दरवर्षी घडणारी गोष्ट नाही, आणि साठी ओलांडलेल्या माणसाला ‘पुढच्या वर्षी बघू’ हे शब्द जपून वापरावे लागतात. तिसरा मुद्दा हंगामाचा. पूर्व हिमालयातला वसंत आणि अंदमानचा कोरडा हंगाम मार्च-एप्रिलात एकमेकांवर येतात. मे उजाडला की बेटांवर पावसाची चाहूल लागते. म्हणजे जोडसहल करायचीच तर तिला मुहूर्त आहे.

आणि एक मुद्दा असा, जो मला या सगळ्यांत वजनदार वाटतो. डोंगर आणि बेट या निसर्गाच्या दोन वेगळ्या शाळा आहेत. डोंगरावर उंची बदलते तसे पक्षी बदलतात; एका उतारावर शेकडो जाती थरांनी राहतात. बेटावर जाती थोड्या, पण समुद्राने तोडल्यामुळे त्यांतल्या कित्येक जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. हे दोन अनुभव पाठोपाठ घेणाऱ्याला जे उमगेल, ते चार वर्षांच्या अंतराने घेणाऱ्याला उमगेलच असे नाही.

मात्र नकाशावर बोट ठेवून हिशेब केला की चित्र बदलते. समजा, डोंगरांसाठी अरुणाचलच्या पश्चिम कामेंग जिल्ह्यातले ईगलनेस्ट अभयारण्य निवडले. गुवाहाटीहून तेजपूर, भालुकपोंग, टेंगा, तिथून वर सिंगचुंगच्या बाजूने लामा कॅम्प. सगळे सुरळीत झाले तरी एक मुक्काम मध्ये करावाच लागतो. दरड कोसळली तर रस्ता कधी मोकळा होईल हे कोणीही छातीठोकपणे सांगत नाही. परतीचा वेळही तेवढाच. आठ दिवसांतून चालायला मिळणाऱ्या सकाळी उरतात चार किंवा पाच, आणि त्यांतल्या एक-दोन धुक्यात नाही तर पावसात जातात. पुढचे कोलकात्याचे विमान ठरलेले असल्यामुळे एखादा दिवस वाढवण्याची सोय नाही. डोंगर ज्या एका गोष्टीची मागणी करतो, म्हणजे हाताशी मोकळा दिवस असण्याची, नेमकी तीच या बेतात नसते.

हे नुकसान किती मोठे, ते ईगलनेस्ट चालून पाहिल्याशिवाय कळत नाही. अभयारण्य सुमारे २१८ चौरस किलोमीटरचे, म्हणजे फार मोठे नव्हे. पण त्यातून जाणारा कच्चा गाडीरस्ता खिंडीत सुमारे २,८०० मीटरवर असतो, बोम्पूच्या तळावर १,९०० मीटरच्या आसपास, सेस्नीला १,२५० मीटरवर, आणि पुढे खेल्लाँगकडे आणखी खाली उतरतो. हा रस्ता लष्कराने बांधला. ‘लाल गरुड’ हे चिन्ह मिरवणारी चौथी डिव्हिजन या भागात होती, त्यावरून जागेला ईगलनेस्ट नाव पडले असे सांगतात. आज या रस्त्यावर वाहतूक अशी नाहीच. गाड्या दिसतात त्या वनखात्याच्या आणि पक्षी पाहायला आलेल्यांच्या. चारशेहून अधिक जातींचे पक्षी एका बऱ्यापैकी उताराच्या रस्त्यावरून पायी चालत पाहता यावेत, अशा जागा आपल्या देशात फार नाहीत.

इथली चालण्याची रीत ठरलेली आहे. पहाटे निघायचे, उतार धरायचा, गाडी मागून अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतराने येणार. पहिला तासभर काहीच दिसत नाही. फक्त बांबूतून गळणारे दवाचे थेंब आणि दरीतून येणारा एखादा अनोळखी आवाज. मग एखाद्या वळणावर झाडी अचानक हलू लागते. मिक्स फ्लॉक, म्हणजे अनेक जातींचा एकत्र थवा, येतो: वरच्या फांद्यांत युहिना आणि मिनिव्हेट, खोडावर डोके खाली करून उतरणारा नटहॅच, खाली बांबूत फुलवेटा आणि पॅरटबिल, सगळे एकमेकांच्या आगेमागे, कोणी कुणाला थांबत नाही. दुर्बीण कुठे लावावी कळेपर्यंत दोन-तीन मिनिटे गेलेली असतात आणि रस्ता पुन्हा रिकामा. नवख्या माणसाच्या हाती अशा थव्यातले चार पक्षी लागतात. दुसऱ्या दिवशी त्याच वळणावर सात, तिसऱ्या दिवशी दहा. कारण कान सरावलेले असतात आणि कोण कुठल्या थरात असतो ते ठाऊक झालेले असते. घाईच्या बेतात हा तिसरा दिवस येतच नाही.

दुसरीकडे, ‘निवांत चाला’ हा सल्लाही प्रत्येकाला परवडणारा नसतो, हे मान्य करायला हवे. वय झालेल्या, दम लागणाऱ्या माणसाने गाडीतून एकेका वळणावर उतरून पक्षी पाहिले, तर तो काही कमी दर्जाचा निरीक्षक ठरत नाही. ईगलनेस्टमध्ये हत्ती २,००० मीटरच्याही वर चढतात. बोम्पू-सेस्नीच्या पट्ट्यात रस्त्यावर ताजी लीद दिसली की स्थानिक गाइड सगळ्यांना गाडीत बसवतो, आणि तिथे त्याचाच शब्द शेवटचा. जळवा आहेत, चावऱ्या माश्या आहेत, दवाखाना काही तासांवर आहे. चालण्याचे गोडवे गाणाऱ्यांनी (त्यांत मीही आलो) हे सगळे सांगून मगच गोडवे गावेत.

याद्या करणाऱ्यांच्या बाबतीतही आपण जरा घाईने निवाडा देतो. ‘लाइफर’च्या, म्हणजे आयुष्यात प्रथमच दिसणाऱ्या पक्ष्याच्या, मागे धावणाऱ्यांना नावे ठेवण्याची एक फॅशन आहे. पण २०२३ साली प्रसिद्ध झालेला ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा अहवाल देशभरातल्या तीस हजारांवर हौशी निरीक्षकांनी ‘ई-बर्ड’ या संकेतस्थळावर भरलेल्या सुमारे तीन कोटी नोंदींवर उभा आहे. कोणत्या जाती घटत आहेत हे आज आपल्याला थोडेफार सांगता येते, ते या याद्यांमुळे. दुर्गम भागातल्या नोंदी तर अधिकच मोलाच्या, कारण तिथे जाणारेच थोडे. तरीही यादीला एक खोड असते: ती माणसाला नसलेल्या पक्ष्याकडे ओढते. समोर दिसणारा साधा बुलबुल सोडून पुढच्या किलोमीटरवरच्या नावासाठी गाडी पळते. तीन कोटी नोंदींत उपयोगी पडते ती एका जागी पंधरा मिनिटे थांबून दिसेल ते सगळे मोजणाऱ्याची यादी. ठरलेला पक्षी टिपून निघून जाणाऱ्याची तितकीशी नाही.

प्लेबॅकचा प्रश्न याच्याच पोटातला. मोबाइलवर किंवा छोट्या स्पीकरवर पक्ष्याचे ध्वनिमुद्रित गाणे वाजवायचे; आपल्या हद्दीत परका नर शिरला असे समजून पक्षी जवळ येतो. बाजूने बोलणारे म्हणतात, की रेन-बॅबलरसारखा दाट झुडपात जमिनीलगत राहणारा पक्षी याशिवाय दिसणे जवळजवळ अशक्य. प्लेबॅक नाकारला तर लोक झुडपात घुसतील आणि त्याने अधिक नासधूस होईल. कसलेला गाइड अर्धा मिनिट वाजवतो आणि पक्षी दिसला की बंद करतो. हा युक्तिवाद खोटा नाही. याउलट, पक्ष्याच्या दृष्टीने हिशेब वेगळा आहे. तुमचा गट अर्धा मिनिट वाजवतो, मागून येणाराही अर्धाच मिनिट. पण हंगामात त्या एका वळणावर रोज तीन गट आले, तर विणीच्या ऐन दिवसांत तो नर नसलेल्या शत्रूशी रोज लढत राहतो. चोचीत किडा घेऊन पिलांकडे निघालेला पक्षी स्पीकरच्या आवाजाने वळून दोन हातांवर येऊन बसलेला ज्याने पाहिला असेल, त्याला त्या फोटोचा आनंद पुरता होत नाही. जो पक्षी भरपूर आहे आणि जिथे माणसे कमी येतात, तिथे थोडक्यात वाजवणे समजून घेता येईल. मोजके उरलेले पक्षी आणि गर्दीची वळणे, यांबाबत मात्र ‘नाही’ हेच उत्तर मला योग्य वाटते.

मोजके उरलेले म्हटले की बुगुन लिओसिकलाचा विषय निघणारच. रमणा अत्रेय व्यवसायाने खगोलशास्त्रज्ञ, पुण्याच्या आयसरमधले प्राध्यापक. त्यांना हा पक्षी ईगलनेस्टच्या परिसरात १९९५ मध्ये प्रथम दिसला, त्यानंतर थेट २००५ मध्ये, आणि २००६ मध्ये त्यांनी नवी जात म्हणून त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. भारतातून पक्ष्याची नवी जात जाहीर व्हायला अर्ध्या शतकाहून अधिक काळ लोटला होता. नव्या जातीचा नमुना म्हणून पक्षी मारून ठेवण्याची जुनी प्रथा त्यांनी पाळली नाही. जाळ्यात गळलेली पिसे, मोजमापे आणि छायाचित्रे यांवर काम भागवून पक्षी सोडून दिला. इतक्या थोड्या संख्येच्या जातीतला एकही जीव घेणे बरोबर नाही, अशी त्यांची भूमिका होती. पक्ष्याला नाव दिले ते तिथल्या बुगुन जमातीचे.

या नावामागे एक आर्थिक गोष्ट आहे, आणि दुर्गम भागात सहलीला जावे की नाही या प्रश्नाचे बरेचसे उत्तर तिच्यात सापडते. डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन प्रकरणात लाकूडतोडीवर कडक निर्बंध घातले. अरुणाचलच्या अनेक गावांचे रोखीचे उत्पन्न तोवर लाकडावर होते. ते एकाएकी आटले. पुढच्या काही वर्षांत ईगलनेस्टमध्ये पक्षी पाहणाऱ्यांसाठी तंबूंचे तळ उभे राहिले. गावातली मुले स्वयंपाकी, चालक आणि हळूहळू गाइड झाली. २०१७ मध्ये सिंगचुंगच्या बुगुन लोकांनी आपल्या ताब्यातल्या जंगलापैकी सुमारे १७ चौरस किलोमीटर ‘सामुदायिक राखीव क्षेत्र’ म्हणून जाहीर करवून घेतले, आणि तिथे गस्त घालणारीही गावचीच तरुण मुले आहेत. बाहेरच्या पर्यटकाचा पैसा आला नसता तर हे झालेच नसते असे मी म्हणणार नाही. पण त्या पैशाने ते सोपे झाले, हे नाकारता येणार नाही.

तरीही याच गोष्टीची दुसरी बाजू आहे. एका पक्ष्यावर गावाची मिळकत बेतली, की त्या पक्ष्याच्या विणीच्या झुडपांभोवतीच वर्दळ वाढते. पर्यटन थांबले की मिळकतही थांबते. करोनाच्या दोन वर्षांत देशभरच्या अशा गावांनी ते सोसले. शिवाय सगळा पैसा गावात राहतो असेही नाही. शहरातून गट नेणारे छायाचित्रण-सहलींचे आयोजक, त्यांचे शहरी तज्ज्ञ आणि विमान कंपन्या यांचे वाटे आधी निघतात. आयोजकांची बाजूही ऐकली पाहिजे. परवाने, गाड्या, तंबूंचे आरक्षण, ऐनवेळी कोणी आजारी पडला तर धावपळ, हे सगळे ते अंगावर घेतात. एकट्यादुकट्या माणसाला, विशेषतः पहिल्यांदाच जाणाऱ्या किंवा एकट्या जाणाऱ्या स्त्रीला, गटाची सोबत हा मोठा आधार असतो. स्वतः फोन करून स्थानिक गाइड ठरवणे स्वस्त पडते आणि पैसा थेट पोहोचतो. मात्र चार जण जमवण्याची आणि गैरसोय पोटात घालण्याची तयारी लागते.

आता बेटे. अंदमानच्या बाजूने बोलणे एका अर्थाने सोपे आहे, कारण तिथे पक्षी पाहणे सोपे आहे. वीसहून अधिक जाती फक्त अंदमान-निकोबारच्या, आणि अंदमानात मिळणाऱ्यांपैकी बहुतेक पोर्ट ब्लेअरच्या आसपास: चिडिया टापूच्या जंगलात अंदमानचा सुतार, टकाचोर, कोतवाल आणि सर्पगरुड, पाणथळीत अंदमान टील, रात्री त्याच रस्त्यांवर घुबडांच्या चार-पाच जाती. मराठी माणूस तसाही सेल्युलर जेल पाहायला तिकडे जातोच. त्याच सहलीत पहाटेचे तीन-चार तास बाजूला काढले, तर घरच्यांची सहलही मोडत नाही आणि दुर्बिणीलाही न्याय मिळतो. डोंगरातल्या तंबूत सासूबाईंना नेता येत नाही. पोर्ट ब्लेअरला येते. ज्यांच्या घरात पक्षीवेडा एकच आहे, त्यांच्यासाठी हा युक्तिवाद निर्णायक आहे.

चालण्याच्या हौसेला मात्र बेटे फार वाव देत नाहीत. माउंट हॅरिएट, २०२१ पासून माउंट मणिपूर, इथली पायवाट छान आहे. उत्तर अंदमानात डिगलीपूरजवळचे सॅडल पीक ७३२ मीटरचे, द्वीपसमूहातले सर्वांत उंच, आणि दमट जंगलातून त्यावर चढणे हा चांगला दिवसभराचा घाम आहे. पण दिवसामागून दिवस चालत राहावे अशी सलग वाट नाही, आणि दहानंतरच्या उन्हात पक्षीही गप्प होतात.

डिगलीपूरचा उल्लेख आला की अंदमान ट्रंक रोडचा प्रश्न टाळता येत नाही. तिकडे जाणारा हा रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव क्षेत्रातून जातो. जिरकाटांगच्या नाक्यावरून गाड्या ताफ्याने सोडतात. थांबायला आणि फोटो काढायला बंदी आहे. मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी (बीएनएचएस), पुण्यात काम करणारी कल्पवृक्ष आणि अंदमानातली एक संस्था यांनी न्यायालयात धाव घेतली होती, आणि मे २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या रस्त्याचा राखीव क्षेत्रातला भाग बंद करण्याचा आदेश दिला. तरीही रस्ता आजही सुरू आहे. बाजूने बोलणारे म्हणतात, मध्य आणि उत्तर अंदमानात राहणाऱ्या लोकांना दवाखाना, बाजार, कॉलेज यांसाठी हाच रस्ता आहे. खवळलेल्या समुद्रात बोटी रद्द होतात तेव्हा त्यांनी काय करावे? हा प्रश्न रास्त आहे आणि पुण्यात बसून त्याचे सोपे उत्तर देणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण तो तिथल्या रहिवाशांचा प्रश्न आहे. सुट्टीवर गेलेल्या माणसाला ती निकड नाही. जानेवारी २०१२ मध्ये जारवा स्त्रियांना पर्यटकांपुढे नाचायला लावल्याची चित्रफीत जगभर गाजली, तेव्हा ताफ्यांत होते ते पर्यटकच.

निकोबारबद्दल मी थोडक्यातच लिहितो, कारण सहल आखणाऱ्याला तिथे निवड फारशी नाही. ही बेटे आदिवासी राखीव आहेत. परवान्याशिवाय जाता येत नाही, आणि ग्रेट निकोबारच्या कॅम्पबेल बेला जहाजाने पोहोचायला दिवस लागतात. निकोबार मेगापोड हा किनाऱ्याजवळ पालापाचोळ्याचा आणि वाळूचा ढीग रचून त्यात अंडी उबवणारा पक्षी. २००४ च्या त्सुनामीत त्याचे कित्येक ढीग वाहून गेले. आता ग्रेट निकोबारमध्ये बंदर, विमानतळ आणि नगर उभारण्याच्या प्रकल्पासाठी सुमारे १३० चौरस किलोमीटर जंगल वळते होणार आहे. मलाक्काच्या सामुद्रधुनीजवळचे मोक्याचे ठिकाण म्हणून सरकारला तो हवा आहे. कासवे, मेगापोड आणि शोंपेन जमात यांच्यासाठी अनेक अभ्यासकांचा त्याला विरोध आहे. ‘नाहीसे होण्याआधी पाहून घ्या’ असे म्हणणारे काही जण आहेत. नोंद करणारे डोळे तिथे असावेत, हे त्यांचे म्हणणे मला पटते, पण ते डोळे महिनोन्‌महिने राहून काम करणाऱ्यांचे असावेत. नारकोंडमचा धनेशही असाच. सुमारे सात चौरस किलोमीटरच्या एका बेटावरच तो जगात आहे. आपल्यापैकी बहुतेकांना तो कधीच दिसणार नाही, आणि यात तक्रार करण्यासारखे काही नाही.

एक मत राहिले, आणि ते मी मुद्दाम शेवटी घेतले आहे. इतक्या लांब जायचेच कशाला? रानपिंगळा हे छोटे घुबड शंभरहून अधिक वर्षे बेपत्ता होते. ते १९९७ मध्ये पुन्हा सापडले आपल्या नंदुरबार जिल्ह्यात, शहाद्याजवळ. २०१४ मध्ये ते मुंबईचे पाणी जिथून येते त्या तानसाच्या जंगलात दिसले. आंबोली, तिळारी, मेळघाट नीट पाहिलेले किती जण आहेत? विमानाच्या धुराचा हिशेबही या मताच्या बाजूने आहे. हे म्हणणे मला खोडता येत नाही. एवढेच म्हणेन, की सह्याद्री वर्षभर पाहायचा असतो आणि पूर्व हिमालय आयुष्यात एकदा-दोनदा. पहिले केलेल्याला दुसऱ्याचा अधिक लाभ होतो. ज्याला आंबोलीत कानाने पक्षी ओळखता येऊ लागले, तो ईगलनेस्टच्या वळणावर हरवत नाही.

सगळे तोलून माझा कौल असा. जोडसहल करू नये. तिच्या बाजूचे मुद्दे खरे आहेत. पण तिच्यात डोंगर नीट होत नाही आणि बेटांवर माणूस दमलेला पोहोचतो. ज्यांना यापुढे खरोखरच दुसरी संधी मिळणार नाही, त्यांनी तिचा विचार अवश्य करावा, तेही पाचऐवजी तीन दिवस बेटांना देऊन. बाकीच्यांनी चालण्याची ताकद आहे तोवर डोंगर घ्यावेत. लामा कॅम्प आणि बोम्पू अशा दोनच तळांवर मिळून आठ रात्री राहावे, एक दिवस मोकळा ठेवावा, आणि वेळ उरला तर दिरांग आणि सेला खिंडीकडे वळावे. नाही उरला तर राहू द्यावे. सेलाची उंची ४,१७० मीटर आहे, तिथे सकाळी जाऊन संध्याकाळी परतण्याच्या घाईत डोके धरून बसणारेच जास्त. अरुणाचलसाठी लागणारे इनर लाइन परमिट ऑनलाइन मिळते, तेवढे आधी काढून ठेवावे. बेटे पुढे कधीतरी घरच्यांबरोबर करावीत. डिगलीपूर करायचेच असेल तर बोटीने, समुद्र शांत असताना; बोट मिळाली नाही तर चिडिया टापूला आणखी एक पहाट द्यावी.

आणि गट नेणाऱ्या आयोजकांना एक विनंती. सहापेक्षा जास्त माणसे एका वेळी त्या रस्त्यावर आणू नका आणि लिओसिकलाच्या पट्ट्यात स्पीकर पिशवीतून बाहेर काढू नका. माहितीपत्रकात दिसू शकणाऱ्या पक्ष्यांची यादी तुम्ही छापताच. तिच्याखाली सिंगचुंगच्या कोणत्या गाइडबरोबर चालायचे आहे त्याचे नाव, आणि सहलीच्या रकमेतून त्याला किती मिळणार तो आकडा, हेही छापा.